एकशे एक पत्त्यांचे वतन

पुण्याच्या हडपसरमधील कोणताही पोस्टाचा पत्ता लक्षपूर्वक वाचला, तर तो पत्ता कमी आणि प्रवासवर्णन अधिक असल्याचे ध्यानात येते. त्यात प्रथम सर्व्हे नंबर येतो, मग त्याचा हिस्सा, हिश्शाला तिरक्या रेघेने जोडलेला पोटहिस्सा, मग बहुधा 'साई' किंवा 'श्री' या अक्षरांनी सुरू होणारे इमारतीचे नाव, त्यानंतर 'मारुती मंदिरामागे', 'पाण्याच्या टाकीशेजारी', 'पूर्वीच्या पिठाच्या गिरणीसमोर' अशी एकदोन खुणेची स्थळे, मग सासाणेनगर, माळवाडी, गोंधळेनगर, काळेपडळ यांपैकी एखादे नाव, आणि एवढ्यावरही पत्र आणणाऱ्याचा विश्वास बसला नाही तर असावे म्हणून शेवटी 'गाडीतळाजवळ'. गिरणी कधीच पाडलेली असते, तरी पत्त्यातून ती हलत नाही. या वर्णनपर वाङ्मयाला आकड्यांची शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न एका मराठी अधिकाऱ्यानेच केला होता. टपाल खात्यात उच्चपदावर असलेले आणि संस्कृतात काव्यरचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड अस्तित्वात आला आणि हडपसरच्या वाट्याला ४११०२८ हा क्रमांक आला. तरीही आजमितीस बहुसंख्य पत्त्यांचा समारोप 'आल्यावर फोन करा' या वाक्यानेच होतो, यावरून आकड्यांवर विसंबण्याची येथील समाजाची तयारी कितपत आहे, याचा अंदाज बांधता येतो.

अशा समाजात जेव्हा संगणक आले आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता लागतो असे कळले, तेव्हा पेचप्रसंग उद्भवणे अपरिहार्य होते. संगणकाच्या या पत्त्याला आयपी म्हणतात. तो टिंबांनी विलग केलेल्या चार आकड्यांचा असतो, प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो, आणि या हिशेबाने जगात एकूण ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते संभवतात. आखणी करणाऱ्यांना हा साठा अक्षय वाटला होता, पण आशिया-पॅसिफिक विभागाची कोठी एप्रिल २०११ मध्येच खरवडायला आली. तत्पूर्वीच, १९९६ साली, दूरदृष्टीने अशी सोय करून ठेवण्यात आली होती, की काही आकडे खाजगी वापरासाठी राखून ठेवावेत आणि ते ज्याने त्याने आपापल्या घरात, कचेरीत हवे तसे वापरावेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. त्यामुळे १९२.१६८.१.१ हा पत्ता हडपसरमध्ये असंख्य ठिकाणी एकाच वेळी नांदतो आणि कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्येक गावाला आपापला मारुती असतो आणि 'मारुती मंदिरामागे' ही खूण त्या त्या गावापुरतीच खरी असते, तसाच हा प्रकार आहे.

या पत्त्यांच्या वाटपाचा इतिहास पाहू जाता त्याचे दोन कालखंड पडतात. पहिल्याला वतनी कालखंड म्हणावे लागेल. त्यात कार्यालयातील प्रत्येक संगणकाला कोणीतरी हाताने पत्ता बसवून देत असे, तो एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवत असे, आणि वही हरवण्याची सार्वत्रिक शक्यता लक्षात घेऊन तोच पत्ता कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून चिकटपट्टीने संगणकाच्या कपाळावर डकवत असे. एकदा चिठ्ठी चिकटली की तो आकडा त्या संगणकाचा राहत नसे, तर त्या संगणकापुढे बसणाऱ्या माणसाचा होत असे. हिशेब विभागातील ज्येष्ठ कारकुनाला पंचविसावा आकडा मिळाला असेल, तर पुढे संगणक तीनदा बदलला, टेबल खिडकीजवळ गेले, विभागाचे नाव 'फायनान्स' झाले, तरी पंचवीस हा आकडा त्याच्याकडेच राही. क्वचित निवृत्तीच्या वेळी तो पुतण्याकडे जाण्याचीही चिन्हे दिसत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांपासून राज्याला असलेल्या धोक्याचा सविस्तर इशारा देऊन ठेवला आहे. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि पोलीसपाटील वगळता मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आली. पण कायद्याने जमिनीवरचे वतन गेले, मनातले कोठे जाणार? ते चिठोऱ्याच्या रूपाने संगणकावर येऊन बसले.

वतनी पद्धतीतील मुख्य दोष असा, की गैरहजर वतनदाराचा आकडा पडून राही आणि नव्याने आलेल्या उमेदवाराला पत्ता मिळत नसे. मग तो उमेदवार वही न पाहता मनाने एखादा आकडा टाकून मोकळा होई. तोच आकडा दुसऱ्या कोणाचा असला की दोन्ही संगणकांवर पत्त्याच्या भांडणाची सूचना झळके आणि दोघांचेही नेट आलटून पालटून बंद पडे. या प्रसंगाला तांत्रिक भाषेत 'आयपी कॉन्फ्लिक्ट' म्हणतात आणि हडपसरच्या कार्यालयांत 'कोणीतरी माझा आयपी घेतलाय' असे म्हणतात. दुसऱ्या वाक्यातील 'माझा' हा शब्द अभ्यासकांनी अधोरेखित करण्याजोगा आहे.

दुसऱ्या कालखंडाची पायाभरणी अमेरिकेत झाली. १९८४ आणि १९८५ साली यंत्रांना आपोआप पत्ते देण्याचे दोन प्रयत्न झाले. मात्र त्यांत कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यावयाचा, याची यादी आधी माणसानेच करून ठेवावी लागे, म्हणजे वतन तेच राहून केवळ कारकून यांत्रिक झाला होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठातील राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्याने मात्र मुळालाच हात घातला. मार्च १९९७ मध्ये सुधारून निघालेली त्याचीच आवृत्ती अद्याप पायाभूत मानली जाते. या व्यवस्थेचे नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, व्यवहारात डीएचसीपी. परिभाषा घडवणाऱ्यांनी यातील 'होस्ट' या शब्दासाठी 'यजमान' हा प्रतिशब्द योजला आहे. वस्तुतः हा यजमान दारोदार पत्ता मागत फिरणारा असतो आणि त्याला जागा देणारा निराळाच असतो, परंतु परिभाषेच्या कामात इतके बारीक पाहण्याचा प्रघात नाही. ड्रोम्स यांच्या मसुद्याने एक लहानसा शब्द आणला आणि वतनदारीच्या पायाखालची माती काढून घेतली. तो शब्द म्हणजे 'लीज', अर्थात मुदतीचा भाडेकरार.

पत्ता मिळण्याचा विधी चार टप्प्यांत पार पडतो आणि तो कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाशी इतका जुळतो, की मसुदाकर्त्यांपैकी कोणाचे तरी सासर सदाशिव पेठेत असावे असा संशय येतो. नवा संगणक नेटवर्कला जोडला जातो तेव्हा त्याच्याजवळ पत्ता नसतो, तो स्वतःला शून्य.शून्य.शून्य.शून्य म्हणवतो, आणि अशा निर्गुण अवस्थेत तो २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर दवंडी पिटतो, की येथे कोणी पत्ता देणारा आहे काय. ही झाली स्थळे पाहायला निघाल्याची घोषणा. मग जो जो सर्व्हर हे ऐकतो तो तो आपल्याकडील एक पत्ता, त्याची मुदत आणि इतर तपशील देऊन प्रस्ताव मांडतो. दुष्ट शंका नको म्हणून काही सर्व्हर प्रस्तावापूर्वी त्या पत्त्यावर एक टकटक करून पाहतात आणि आतून उत्तर आले नाही तरच पुढे जातात; एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्याआधी सीटवर दुसऱ्याचा रुमाल नाही ना, एवढे पाहण्याचा हा सभ्यपणा होय. तिसऱ्या टप्प्यात संगणक एका प्रस्तावाला होकार देतो, पण तो होकारही तो पुन्हा दवंडी पिटूनच देतो, जेणेकरून ज्यांना नकार मिळाला त्यांनाही ते तत्काळ समजावे आणि त्यांनी राखून ठेवलेला पत्ता मोकळा करावा. येथे मात्र सादृश्य संपते. आपल्याकडील रीतीत नकार मिळालेल्या स्थळाला 'कळवतो' असे सांगून वाटेला लावले जाते आणि ते बिचारे वर्षभर पत्ता अडवून बसते. चौथ्या टप्प्यात सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. चारही टप्पे मिळून निमिष दोन निमिषांचे काम असते, पोहे गार व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या शतांशही नाही.

मुदतीची कल्पना हडपसरला नवी आहे असे म्हणता येणार नाही. गाडीतळ हे नावच पाहिले तर तो गाड्या सुटण्याचा तळ आहे. गाडीवानाने बैल सोडावेत, वैरण टाकावी, रात्र काढावी आणि पहाटे जू चढवून सोलापूरच्या किंवा सासवडच्या रस्त्याला लागावे, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गावची गाडी उभी राहावी, हा त्या शब्दाच्या पोटातला व्यवहार आहे. तळावरची जागा कोणी नावावर करून घेत नाही. मात्र आज त्याच परिसरात मुदतीच्या वास्तव्याचे जे रूप सर्वाधिक रूढ आहे ते म्हणजे अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातील तरतुदीला वळसा घालण्यासाठी अकरा हा आकडा लोकप्रिय झाला. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची केली, तेव्हा अकराचे प्रयोजनच उरले नाही. तरीही मगरपट्ट्यात नोकरीला आलेला तरुण आजही अकरा महिन्यांच्याच करारावर सही करतो. कारण संपल्यावरही प्रथा चालू ठेवण्यात मराठी समाजाची जी सिद्धता आहे, तिचे हे उत्तम उदाहरण होय.

संगणकाचा भाडेकरार आणि माणसाचा भाडेकरार यांत एक भेद मात्र डोळ्यांत भरतो. संगणक अर्धी मुदत संपताच सर्व्हरकडे जाऊन नूतनीकरणाची विनंती करतो. सर्व्हरने उत्तर दिले नाही तर तो थांबून पुन्हा विचारतो, आणि सात अष्टमांश मुदत उलटूनही काही कळले नाही तर मग तो अब्रूची पर्वा न करता पुन्हा सर्वांसमोर दवंडी पिटतो. विंडोज सर्व्हरवर मुदत ठरवली नाही तर ती आठ दिवसांची धरली जाते, म्हणजे चौथ्या दिवशी पहिली विनंती आणि सातव्या दिवशी दवंडी. हाच न्याय माणसाला लावला, तर अकरा महिन्यांच्या भाडेकरूने साडेपाच महिने होताच मालकाच्या दारात उभे राहिले पाहिजे. प्रत्यक्षात तो मुदत संपल्याच्या तिसऱ्या दिवशी 'काका, ॲग्रीमेंटचं राहूनच गेलं' असा निरोप धाडतो आणि मालकही तितक्याच निवांतपणे 'बघू, गणपतीनंतर' असे उत्तर देतो.

सर्व्हर उभा करण्याची कृती कागदोपत्री अगदी किरकोळ आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरात असलेल्या सर्व्हरमध्ये एकच मजकुराची फाइल लिहावी लागते आणि त्यात चारपाच गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली म्हणजे सबनेट, अर्थात गावाची शीव. १९२.१६८.१.० हे गावाचे नाव आणि २५५.२५५.२५५.० हा नेटमास्क, ज्यावरून कोण भावकीतला आणि कोण परगावचा हे यंत्राला ठरवता येते. या गावात २५६ घरे असतात, पण शून्य क्रमांक गावाच्या नावासाठी आणि २५५ क्रमांक दवंडीसाठी गेल्याने राहण्याजोगी २५४ उरतात. दुसरी गोष्ट म्हणजे गेटवे, म्हणजेच गावाची वेस, जिच्यातून बाहेरच्या जगात जायचे. ती प्रथेने पहिल्या क्रमांकावर असते. तिसरी गोष्ट म्हणजे डीएनएस, ज्याला नाव सांगितले की तो पत्ता सांगतो, आणि ज्याची तुलना चौकातील पानटपरीवाल्याशी करणे उचित ठरेल, कारण तोही सर्वांचे पत्ते जाणतो आणि त्याची टपरी बंद असली की सगळे जग बुडाल्यासारखे वाटते, वस्तुतः जग जागेवरच असते. चौथी गोष्ट मुदत. आणि पाचवी, जिच्यात या विषयाचे सारे राजकारण साठलेले आहे, ती म्हणजे पत्त्यांचा सामाईक साठा, ज्याला 'पूल' म्हणतात.

पूल करणे म्हणजे काय, हे हडपसरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. येथील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्याने विकून टाकण्याऐवजी एकत्र केली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा कंपनीत वाटा, या सूत्रावर मगरपट्टा सिटी उभी केली. बांधाच्या वितभर सरकण्यावरून पिढ्यान्पिढ्या कोर्टात जाणाऱ्या समाजात ४०० एकरांतील बांध एकदम पुसले जावेत, ही गोष्ट कोणत्याही प्रोटोकॉलपेक्षा अधिक चमत्कारिक मानली पाहिजे. त्याच भूमीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत मात्र 'माझा आयपी' हा बांध शाबूत राहिला, आणि तेथील सर्व्हर लावणाऱ्याला तो रोज ओलांडावा लागतो.

साठा लिहिताना बहुतेक जण १०० पासून २०० पर्यंत, अशी गोल आकड्यांची रेघ आखतात. दोन्ही टोके धरली तर त्यात १०१ पत्ते भरतात. आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवणाऱ्या संस्कृतीत हा योगायोग शुभ मानला जाण्यास हरकत नसावी. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो, आणि बहुतांश दुर्घटना येथेच घडतात. मराठी माणसाचा अर्धविरामाशी संबंध शालेय व्याकरणाच्या परीक्षेनंतर तुटलेला असतो. लेखकही तो अडीअडचणीलाच वापरतात. त्यामुळे साठ्याच्या ओळीनंतरचा एक अर्धविराम राहून जातो, सर्व्हर 'सेमीकोलन एक्स्पेक्टेड' एवढे बोलून उठायचे नाकारतो, आणि सकाळी साडेनऊला कार्यालयात आलेली चाळीस माणसे 'नेट नाही' या शोकगीताच्या तालावर चहाच्या टपरीकडे निघतात. हा सर्व्हर तयार करणाऱ्या संस्थेने २०२२ च्या अखेरीस त्याची देखभाल थांबवली आणि त्याच्या जागी आणलेल्या नव्या सर्व्हरच्या फाइलीत महिरपी कंस आणि स्वल्पविराम यांचे राज्य आले. एका विरामातून सुटका होऊन दुसऱ्याच्या तावडीत सापडण्याला प्रगती म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत.

फाइल चालू झाली की अर्ज येऊ लागतात. डीएचसीपीमध्ये विशिष्ट यंत्राला विशिष्ट पत्ता राखून ठेवण्याची सोय असते. प्रत्येक यंत्राच्या जाळेजोडणीच्या भागावर कारखान्यातच बारा अक्षरांकांचा एक क्रमांक कोरलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, आणि तो फाइलीत नोंदवून त्यापुढे पत्ता लिहिला की तो पत्ता त्याच यंत्राला मिळत राहतो. ही सोय खरे तर प्रिंटरसाठी आहे. प्रिंटर हा कार्यालयातील एकमेव सदस्य असा आहे, की ज्याला सर्व जण शोधत येतात. त्याचा पत्ता बदलला तर चाळीस संगणक जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसतात आणि प्रिंटर शेजारच्या पत्त्यावर मूकपणे उभा असतो. परंतु राखीव जागेची बातमी फुटली, की प्रिंटरमागे रांग लागते. गाडीसाठी 'एमएच १२' पुढचा आवडता क्रमांक जादा पैसे मोजून घेणारे साहेब आपल्या लॅपटॉपला पहिला क्रमांक मागतात. पहिला क्रमांक वेशीचा आहे, असे सांगितल्यावर ते नाराजीने सातवर येतात. कोणाला बेरीज नऊ येणारा आकडा हवा असतो, तेराव्या क्रमांकावर कोणी बसायला तयार नसते, आणि हिशेब विभागाकडून पंचविसाबाबत मागणी येत नाही, इशारा येतो.

क्रम राखीव ठेवण्याची एक निर्दोष पद्धत मात्र हडपसरकर दरवर्षी आषाढीच्या आधी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहतात. पुण्यातील मुक्काम आटोपून निघालेल्या दोन्ही पालख्या हडपसरला येतात आणि येथे वाटा फुटतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, ज्ञानोबांची दिवे घाट चढून सासवडकडे वळते. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात, रथामागच्या दिंड्यांनाही क्रमांक असतात, आणि लाखोंच्या गर्दीत प्रत्येक दिंडी आपल्या क्रमांकावरच चालते. अर्धविराम नाही, सर्व्हर नाही, मॅक ॲड्रेस नाही, तरी आकड्यांचे भांडण नाही. कार्यालयातील राखीव पत्त्यांच्या यादीला ही शिस्त का येत नाही, याचे एक कारण असे असावे, की दिंडीत क्रमांक मिरवण्यासाठी रोज कित्येक किलोमीटर चालावे लागते.

एवढी व्यवस्था लागली, की संकट बाहेरून येते आणि ते बहुधा एखाद्याच्या पिशवीतून येते. कोपऱ्यात वायफाय पुरत नाही म्हणून कोणी उत्साही कर्मचारी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला चुकीच्या बाजूने जोडतो. त्या डबीतही एक छोटा डीएचसीपी सर्व्हर असतो आणि तो लगेच स्वतःच्या राज्याचे पत्ते वाटू लागतो. ज्याचा प्रस्ताव आधी पोहोचला त्याला होकार, हा नियम असल्याने निम्मे संगणक मूळ सर्व्हरचे पत्ते घेतात, निम्मे त्या डबीचे घेतात, आणि डबीची वेस कोठेच उघडत नसल्याने दुसऱ्या निम्म्यांचे जग कोपऱ्यातील कुंडीपाशी संपते. एकाच नगरीत दोन सनदा देणारे असले म्हणजे काय होते, याचा धडा हडपसरने २५ ऑक्टोबर १८०२ रोजीच घेतला आहे. त्या दिवशी याच परिसरात यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव दुसरे पुणे सोडून गेले, पुण्यात अमृतरावांच्या हाती कारभार आला आणि तिकडे वर्षअखेरीस वसईला बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला. कोणाच्या शिक्क्याचा कागद खरा, हा प्रश्न पुण्यातील लोकांना काही महिने पडला असेल, तोच प्रश्न दोन राउटरांच्या कचाट्यात सापडलेल्या लॅपटॉपला पडतो. संगणकाच्या बाबतीत इंग्रजांऐवजी नेटवर्कवाला बोलवावा लागतो. तो येतो, टेबलाखाली वाकतो, एकेक वायर उपटत जातो आणि डबी हाती लागली की ती ज्याच्या मालकीची त्याच्यासकट कोणीच ती ओळखत नाही.

या अनुभवातून शहाणा झालेला व्यवस्थापक फाइलीत 'ऑथॉरिटेटिव्ह' असा एक शब्द लिहितो, अर्थात अर्धविरामासह. हा शब्द नसेल तर सर्व्हर संकोची राहतो. दुसऱ्या कार्यालयातून आलेला लॅपटॉप सवयीने तिथलाच जुना पत्ता मागू लागला, तर असा सर्व्हर गप्प बसतो, न जाणो पाहुण्याचे खरे असेल. शब्द लिहिला, की तोच सर्व्हर स्पष्ट नकार पाठवतो आणि पाहुण्याला पुन्हा शून्य.शून्य.शून्य.शून्य या अवस्थेत नेऊन पहिल्यापासून रांगेत उभा करतो. पुण्यातील दुकानात दुपारी एक ते चार या वेळेत आलेल्या गिऱ्हाइकाला मिळणारी वागणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शब्दाचा आशय उलगडून सांगावा लागत नाही.

सर्व्हर बंदच पडला तर काय, याचेही उत्तर यंत्रांनी शोधून ठेवले आहे. पुष्कळ वेळा दवंडी पिटूनही कोणी ओ देत नाही, असे दिसल्यावर संगणक स्वतःच स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता बहाल करतो. हा पत्ता त्याच्यासारख्याच निराधार शेजाऱ्यांत मान्य असतो, पण वेशीबाहेर त्याला कोणी विचारत नाही. हडपसरच्या उड्डाणपुलाखालून जाताना ज्यांनी फ्लेक्स पाहिले आहेत, त्यांना स्वतःला 'भावी' पद बहाल करण्याची आणि शेजारी उभ्या असलेल्या बारा गोल छायाचित्रांकडून मान्यता मिळवण्याची पद्धत परिचित असेल. संगणकाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की खरा सर्व्हर उगवताच तो आपला स्वयंघोषित पत्ता विनातक्रार उतरवून ठेवतो.

साठा संपण्याचा प्रसंग अलीकडे वारंवार येऊ लागला आहे. चाळीस माणसांना १०१ पत्ते पुरून उरावेत, असा हिशेब लग्नपत्रिका वाटणाऱ्यासारखा होता. त्यात 'सहकुटुंब सहपरिवार' धरलेले नव्हते. प्रत्येक माणसाबरोबर एक लॅपटॉप, एक किंवा दोन फोन, मनगटावरचे घड्याळ आणि क्वचित घरी विसरायची राहिलेली टॅब्लेट येते. शिवाय गेल्या काही वर्षांतले फोन गोपनीयतेसाठी आपला कारखान्यातला क्रमांक लपवून बनावट क्रमांक पुढे करतात, आणि तो क्रमांक बदलला की तोच फोन नव्या पाहुण्याच्या नावाने दुसऱ्यांदा पंगतीला बसतो. मुदत आठ दिवसांची असल्यास मंगळवारी येऊन गेलेल्या कुरिअरवाल्याच्या फोनचे पान पुढच्या बुधवारपर्यंत मांडलेलेच राहते. मग नोंदवहीत 'नो फ्री लीजेस' अशी ओळ उमटू लागते, दर काही सेकंदांनी, सभ्यपणे, कंटाळा न करता. पाहुण्यांसाठी मुदत दोन तासांवर आणणे, हा यावरचा साधा इलाज आहे.

उरतो तो पंचविसाव्या आकड्याचा प्रश्न. नवी व्यवस्था लागू झाल्याच्या दिवशी चिठोरे काढून टाकण्याचा फतवा निघतो, पंचवीस साठ्याबाहेर पडतो, हिशेब विभागाच्या संगणकाला ११७ मिळतो, आणि ज्येष्ठ कारकून दोन दिवस कोणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तो एका नव्या चिठोऱ्यावर ११७ लिहितो आणि चिकटपट्टीने कपाळावर डकवतो. नेटवर्कवाला त्याला समजावून सांगतो, की हा आकडा भाड्याचा आहे, उद्या तो दुसऱ्याचा होईल. सर्व्हर मात्र या शिकवणुकीला साथ देत नाही. दिलेला प्रत्येक पत्ता तो एका फाइलीत लिहून ठेवतो, सातबाऱ्यावरच्या फेरफारांप्रमाणे नोंदीखाली नोंद वाढत जाते, आणि मूळ मसुद्यातच असे सुचवलेले आहे, की तेच यंत्र पुन्हा आले तर शक्यतो त्याला पूर्वीचाच पत्ता द्यावा. त्यामुळे सुट्टीवरून परतल्यावर ११७, वीज जाऊन आल्यावर ११७, दिवाळीनंतर ११७. भाड्याच्या जागेला असा हक्क चिकटण्याची धास्ती जुनीच आहे. घरमालक अकरा महिन्यांहून जास्त करार का करत नाहीत, असे नवख्या भाडेकरूने विचारले तर जुने लोक आवाज खाली आणून 'कूळ लागायची भीती' असे सांगतात. तो धाक १९४८ च्या कूळ कायद्याचा आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाचा आहे, ज्या दिवशी कसणारा हा कसत्या जमिनीचा मालक मानला गेला.

वर्षअखेरीच्या तपासणीत नेटवर्कवाला हिशेब विभागात येतो, संगणकावरचा आकडा पाहतो, कपाळावरच्या पिवळ्या पडलेल्या पट्टीवरचा आकडा पाहतो, दोन्ही जुळतात. ज्येष्ठ कारकून चष्म्यावरून बघत म्हणतो, "म्हटलं होतं ना साहेब, माझाच आहे."